ऐकले गेलेले आणि जतन झालेले : ध्वनिफितींची देवाणघेवाण व भूमिगत इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, दफ्तरे आणि वृत्तपत्रे यांचा विचार प्रथम केला जातो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सांस्कृतिक जीवनाचा अभ्यास करताना मात्र या यादीत ध्वनिफितीची, म्हणजेच सर्वसामान्यांच्या बोलण्यातील कॅसेटची, भर घालणे अपरिहार्य ठरते. कॅसेटने गाणे घराघरांत पोहोचविले, हे सर्वश्रुत आहे. तिने आणखी एक गोष्ट घडवून आणली, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. ऐकणाऱ्याला निवड करण्याचा, निवडलेल्या गाण्यांचा क्रम लावण्याचा आणि तो क्रम दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार तिने दिला. एखादा विषय, एखादी मनःस्थिती किंवा दिवसाचा एखादा प्रहर डोळ्यांसमोर ठेवून वेगवेगळ्या ठिकाणची गाणी एका फितीवर एकत्र करणे, यालाच पाश्चात्त्य देशांत 'मिक्सटेप' असे नाव मिळाले.

नाशिकच्या गंगापूर रोडवरील महाविद्यालयीन परिसरात आज विद्यार्थ्यांच्या कानांत जे संगीत वाजत असते, त्यात इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर रचलेल्या व एकसंध जोडलेल्या 'मिक्स'चा वाटा मोठा आहे. याच परिसरातून पुढे गंगापूर-सावरगाव मार्गालगत असलेल्या सुला विनयार्ड्सच्या आवारात २००८ साली 'सुलाफेस्ट' या संगीत महोत्सवास प्रारंभ झाला आणि इलेक्ट्रॉनिक संगीत नाशिककरांच्या अंगणात येऊन पोहोचले. तिकीट काढून ऐकल्या जाणाऱ्या या संगीतामागे सुमारे अडीच दशकांचा असा काळ आहे, ज्यात ते तिकिटाशिवाय, कंपनीशिवाय आणि बहुतांशी नावाशिवाय, केवळ एका हातातून दुसऱ्या हातात जाणाऱ्या फितींमधून जगले. त्याचे एक प्रमुख केंद्र महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या गोव्यात होते. प्रस्तुत लेखात या देवाणघेवाणीचा ऐतिहासिक आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

कॅसेटच्या तांत्रिक गुणधर्मांचा संगीताच्या देवाणघेवाणीवर झालेला परिणाम पाहणे, गोव्यातील भूमिगत इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जडणघडणीत या देवाणघेवाणीचे स्थान निश्चित करणे आणि अशा फितींचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार करणे, ही या लेखाची तीन उद्दिष्टे आहेत. येथे 'भूमिगत' हा शब्द राजकीय अर्थाने वापरलेला नसून ध्वनिमुद्रण कंपन्या, आकाशवाणी व दुकाने या प्रस्थापित मार्गांच्या बाहेर वावरणारे संगीत, एवढाच त्याचा अर्थ आहे. मांडणीसाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ग्रंथ व उपलब्ध ध्वनिमुद्रणे यांचा आधार घेतला आहे.

कॅसेट : श्रोत्याच्या हाती आलेले माध्यम :

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिन येथील रेडिओ प्रदर्शनात छोट्या आकाराची कॅसेट प्रथम सादर केली. बेल्जियममधील हॅसेल्ट येथे लू ऑटेन्स यांच्या नेतृत्वाखालील चमूने तिची रचना केली होती. पुढे फिलिप्सने इतर उत्पादकांना ही रचना विनाशुल्क वापरू दिली व त्यामुळे जगभर एकाच मापाची कॅसेट प्रचलित झाली. टोकियोत भरलेली फीत म्हापशात किंवा मालेगावात कोणत्याही यंत्रावर वाजू शकत होती, ही गोष्ट आज साधी वाटली तरी देवाणघेवाणीच्या दृष्टीने निर्णायक होती.

ध्वनिमुद्रिका, म्हणजे तबकडी, ही कारखान्यातच तयार होई. श्रोता ती विकत घेऊ शकत होता. स्वतः बनवू शकत नव्हता. स्पूलवरील फितीवर मुद्रण करता येत असे, परंतु ते यंत्र अवजड आणि महाग होते. कॅसेटने ही दोन्ही बंधने दूर केली. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये प्रत्येक बाजूस तीस, तर नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये प्रत्येक बाजूस पंचेचाळीस मिनिटे मावत. या मर्यादेमुळे संकलन करणाऱ्याला आपोआपच एक शिस्त लागली. कोणते गाणे पहिले, कोणते बाजू संपताना आणि कोणते गाळायचे, याचा विचार करावा लागे. जुलै १९७९ मध्ये सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला आणि ही निवड माणसाबरोबर प्रवास करू लागली.

या माध्यमाची एक उणीवही लक्षात घेतली पाहिजे. कॅसेटवरून कॅसेटवर केलेल्या प्रत्येक नकलेत खरखर वाढत जाई व वरच्या पट्टीतील आवाज मंदावत जाई. त्यामुळे नक्कल कितव्या पिढीची आहे, हे कानाला कळत असे. ज्याच्याकडे मूळ फीत किंवा तिची पहिली नक्कल असे, त्याला श्रोत्यांच्या वर्तुळात आपोआप मान मिळे.

भरून घेतलेली कॅसेट : महाराष्ट्रातील शहरांचा अनुभव :

भारतात सत्तरच्या दशकाअखेरपर्यंत ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय प्रामुख्याने ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे एचएमव्ही, या एका कंपनीच्या हाती एकवटलेला होता. आखाती देशांत नोकरीस गेलेल्या कामगारांनी येताना आणलेल्या टू-इन-वन यंत्रांमुळे कॅसेटचा वापर वाढला. ऐंशीच्या दशकात टी-सीरिज, व्हीनस यांसारख्या नव्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेट बाजारात आणल्या. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली प्रकाशित झालेल्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात या घडामोडींचा सविस्तर अभ्यास केला असून कॅसेटमुळे संगीत-उत्पादनाचे विकेंद्रीकरण झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. महाराष्ट्रातही लोकगीते, भीमगीते, कोळीगीते आणि भक्तिगीते यांना कॅसेटमुळे जो विस्तार लाभला, तो या निष्कर्षाशी जुळणारा आहे.

तथापि, मॅन्युएल यांचा भर प्रामुख्याने उत्पादकांवर आहे. श्रोत्यांच्या बाजूने पाहिल्यास 'कॅसेट भरून घेणे' ही महाराष्ट्राच्या शहरी जीवनातील एक स्वतंत्र प्रथा दिसते. ग्राहकाने वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यावी, दुकानदाराने आपल्या संग्रहातील तबकड्या व कॅसेट यांवरून ती गाणी कोऱ्या कॅसेटवर उतरवावीत आणि दोन-चार दिवसांनी ग्राहकाने ती घेऊन जावी, असा हा व्यवहार होता. नाशिकसारख्या शहरांतही ही पद्धत रूढ होती. फक्त विरहगीतांची, फक्त पावसाच्या गाण्यांची, फक्त एका गायकाची, लग्नघरी वाजविण्याची, प्रवासात ऐकण्याची अशा कितीतरी विषयवार कॅसेट भरल्या गेल्या. वसतिगृहांमध्ये त्या खोलीखोलीतून फिरत. 'मिक्सटेप' हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नव्हता, त्या पिढीने मिक्सटेपची संपूर्ण संस्कृती अशा रीतीने आत्मसात केली होती.

कायद्याच्या दृष्टीने ही प्रथा संदिग्ध नव्हती. १९५७ चा कॉपीराइट कायदा खाजगी वापराला मर्यादित मोकळीक देतो; मोबदला घेऊन दुसऱ्यास नक्कल करून देणे त्या मोकळिकीत बसत नाही. याच कारणामुळे या व्यवहाराची नोंदवही, पावती किंवा जाहिरात सहसा मागे राहिली नाही. जी गोष्ट हजारो घरांनी केली, तिचा लेखी पुरावा अत्यल्प आहे. इतिहासकाराला या पहिल्या अडचणीची जाणीव ठेवूनच पुढे जावे लागते.

हणजूण व वागातोर : किनाऱ्यावरील फितींचा बाजार :

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील तरुण प्रवासी बार्देश तालुक्यातील कळंगूट, हणजूण व वागातोर या गावांच्या किनाऱ्यांवर मुक्काम करू लागले. सत्तरच्या दशकात पौर्णिमेच्या रात्री तेथे जे जलसे होत, त्यात रॉक आणि रेगे या प्रकारांचे संगीत असे. कधी प्रत्यक्ष वाद्यवृंद वाजत, तर कधी कॅसेट लावल्या जात. सॅन फ्रान्सिस्को सोडून १९७० च्या सुमारास गोव्यात आलेले गिल्बर्ट लेव्ही, जे पुढे 'गोवा गिल' या नावाने ओळखले गेले, त्यांचा या जलशांशी आरंभापासून संबंध होता.

१९८३ च्या सुमारास येथे मोठे परिवर्तन घडले. लॉरां व फ्रेड डिस्को या दोन फ्रेंच डीजेंनी रॉक संगीत बाजूला सारून युरोपातील इलेक्ट्रॉनिक संगीत रात्रभर वाजविण्यास सुरुवात केली. प्रारंभी त्यास विरोध झाला. परंतु काही हंगामांतच तोच येथील मुख्य प्रवाह बनला. जर्मनी, बेल्जियम, इंग्लंड व अमेरिका येथील ध्वनिमुद्रणांतून निवडक भाग घेऊन ते कॅसेटवर उतरविले जात. गाण्यातील शब्द नृत्याच्या तंद्रीत व्यत्यय आणतात, या समजुतीने गायनाचे भाग कापून टाकले जात आणि केवळ वाद्यांचा भाग पुन्हापुन्हा जोडून लांबविला जाई. ब्रुसेल्समध्ये किंवा शेफील्डमध्ये चार मिनिटांचे असलेले गाणे हणजूणच्या वाळूत पोहोचेपर्यंत आठ मिनिटांचे आणि निःशब्द झालेले असे. मूळ रचनाकाराला त्याची कल्पनाही नसे.

या परिवर्तनाची यंत्रणा पूर्णतः हंगामी होती. पावसाळा सरल्यावर प्रवासी येत, ते आपापल्या देशांतील नव्या ध्वनिमुद्रणांच्या फिती सोबत आणत, हिवाळाभर त्यांची अदलाबदल होई आणि उन्हाळा लागताच त्याच फितींच्या नकला जपान, इस्रायल, जर्मनी व इंग्लंडकडे परत जात. मोसमी वाऱ्यांच्या हंगामावर ज्या किनाऱ्याने शतकानुशतके मालाची ने-आण पाहिली होती, त्याच किनाऱ्यावर विसाव्या शतकात ध्वनीची अशी ने-आण झाली.

यंत्राने घडविलेली शैली :

युरोपातील नृत्यगृहांत डीजे दोन तबकड्या वापरून एका गाण्यातून दुसऱ्यात प्रवेश करीत. गोव्यात ते सोयीचे नव्हते. उन्हात तबकडी वाकते, वाळूचे कण खाचांत अडकतात आणि शेकडो तबकड्यांचे वजन घेऊन हजारो मैल प्रवास करणे परवडत नाही. त्यामुळे येथे कॅसेट हेच मुख्य साधन ठरले. सोनीच्या 'वॉकमन प्रोफेशनल' या यंत्रात फितीचा वेग किंचित कमी-अधिक करण्याची सोय असल्याने अशी दोन यंत्रे व एक मिश्रक एवढ्यावर रात्र निभावता येई.

१९८७ साली 'डॅट' या नावाने ओळखली जाणारी अंकीय ध्वनिफीत बाजारात आली व काही वर्षांतच गोव्यातील डीजेंनी ती स्वीकारली. तिचा आवाज स्वच्छ होता. परंतु सामान्य डॅट यंत्रांत वेग बदलण्याची सोय नव्हती. दोन गाण्यांचे ठेके एकमेकांवर अचूक बसविणे त्यामुळे कठीण होते. यावर तोडगा म्हणून गाण्याच्या सुरुवातीस व शेवटास ठेका नसलेला, केवळ तरंगत्या स्वरांचा लांब भाग ठेवला जाऊ लागला. एक गाणे विरत असताना दुसरे त्यात मिसळत असे. आज ज्याला गोवा ट्रान्स म्हटले जाते, त्या प्रकारातील दीर्घ प्रास्ताविक भागामागे केवळ सौंदर्यदृष्टी नसून यंत्राची ही मर्यादाही आहे.

रात्रीच्या क्रमालाही नियम होते. मध्यरात्री गडद, तीव्र व कठोर संगीत, तर सूर्योदयानंतर मोकळे व सुरेल संगीत वाजविले जाई. डीजेंच्या फिती 'रात्रीच्या' आणि 'सकाळच्या' अशा ओळखल्या जात. हिंदुस्थानी संगीतातील रागांच्या समयसिद्धांताशी याचे साम्य कोणाच्याही ध्यानी येईल. मात्र या साम्यावरून प्रत्यक्ष प्रभावाचा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. रात्रभर जागणाऱ्या कोणत्याही समूहाला, मग तो जागरण-गोंधळातील असो वा किनाऱ्यावरील, पहाटेचा बदल ध्वनीतून व्यक्त करावासा वाटतो, एवढेच फार तर म्हणता येईल.

देवाणघेवाणीचे अलिखित नियम :

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी दानविषयक प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले होते की, भेट स्वीकारणाऱ्यावर परतफेडीचे बंधन येते व त्यातूनच समाज बांधला जातो. गोव्यातील फितींच्या व्यवहारास हे विवेचन बरेचसे लागू पडते. चांगली फीत पैशाने सहज मिळत नसे. ती मिळविण्यासाठी तेवढीच चांगली फीत द्यावी लागे. मराठी माणसाला हा व्यवहार लग्नसमारंभातील आहेराच्या रिवाजावरून सहज समजू शकतो. आहेराची रक्कम कोणी मागत नाही, परंतु ती विसरलीही जात नाही.

या उदारतेला गुप्ततेची दुसरी बाजू होती. आपल्याकडील दुर्मीळ रचनेचे नाव इतरांस कळू नये, असेही डीजेंना वाटे. डॅटमुळे हा प्रश्न अधिक तीव्र झाला. अंकीय नक्कल मूळ फितीइतकीच स्वच्छ असल्याने मूळ बाळगणाऱ्याचा जुना मान संपुष्टात आला. आता नक्कल कितव्या पिढीची आहे यापेक्षा ती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हाच प्रतिष्ठेचा निकष ठरला. लंडनमधील रचनाकार आपली अप्रकाशित रचना मोजक्या डीजेंनाच डॅटवर देत आणि ती गोव्यात वाजून पारखली गेल्यावर पुढे प्रकाशित होई. किनारा ही एका अर्थाने परीक्षाभूमी बनली. नक्कल सोपी झाली तेव्हा देवाणघेवाण मोकळी होण्याऐवजी अधिक निवडक झाली, हा या प्रकरणातील सर्वांत लक्षणीय विरोधाभास होय.

अहमदाबाद आणि मुंबई : दोन तुलनात्मक उदाहरणे :

देवाणघेवाणीचे महत्त्व समजण्यासाठी ज्या इलेक्ट्रॉनिक संगीताला ती लाभली नाही, अशा दोन भारतीय उदाहरणांचा विचार उद्बोधक ठरतो.

पहिले उदाहरण अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे आहे. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तेथे मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रयोगशाळा उभारण्यास साहाय्य केले. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. १९७२ नंतर हे काम थांबले व फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. २०१७ साली ब्रिटिश कलावंत पॉल पुर्गस यांच्या पाहण्यात त्या आल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. तोवर सुमारे अर्धशतक हे संगीत संस्थेबाहेर जवळजवळ कोणीही ऐकले नव्हते.

दुसरे उदाहरण मुंबईचे आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली 'सिंथेसाइझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका तयार केली. रोलँड कंपनीच्या जुपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या तीन यंत्रांवर त्यांनी भैरवी, ललित, भूपाली, तोडी, यमन, मालकंस इत्यादी दहा राग वाजविले. टीबी-३०३ या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असल्याने त्याचा रागवादनासाठी झालेला उपयोग कल्पक होता. हेच यंत्र वापरून शिकागोतील तरुणांनी 'ॲसिड हाउस' म्हणून गाजलेला प्रकार रूढ केला तो १९८७ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनंतर. सिंग यांची ध्वनिमुद्रिका एचएमव्हीसारख्या मोठ्या कंपनीची असूनही विस्मृतीत गेली. २००२ साली डच संग्राहक एडो बाउमन यांना ती दिल्लीत सापडली व २०१० मध्ये तिचे पुनर्प्रकाशन झाले. जुलै २०१५ मध्ये सिंग यांचे मुंबईत निधन झाले. तत्पूर्वीची काही वर्षे त्यांना देश-विदेशांत श्रोते लाभले, एवढेच समाधान.

कालक्रम पाहिला तर सिंग मुंबईत राग वाजवीत होते आणि त्यानंतर वर्षभरातच सुमारे सहाशे किलोमीटरवरील हणजूणमध्ये युरोपातील यांत्रिक संगीत रात्रभर घुमू लागले होते. दोन्हीकडे विद्युत वाद्यांचा अखंड ठेका होता. एकास कंपनी होती, पण हातोहात नेणारे श्रोते नव्हते. दुसऱ्यास श्रोते होते, पण कंपनी नव्हती. अहमदाबादेत संस्था होती, परंतु बाहेर जाणारी वाट नव्हती. या तीन घटनांतून असे दिसते की, भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बाबतीत जे जतन झाले ते ऐकले गेले नाही आणि जे ऐकले गेले ते बव्हंशी जतन झाले नाही.

व्यापारीकरण व देवाणघेवाणीचा ऱ्हास :

१९९३ साली लंडन येथे 'ड्रॅगनफ्लाय', तर १९९४ मध्ये 'टिप' या ध्वनिमुद्रण संस्था सुरू झाल्या आणि गोव्यात फितींवर फिरणारे संगीत दुकानांत उपलब्ध होऊ लागले. डिसेंबर १९९४ मध्ये ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्ड यांनी बीबीसीच्या रेडिओ १ वरील 'इसेन्शियल मिक्स' या कार्यक्रमात दोन तासांचा 'गोवा मिक्स' सादर केला. हणजूणचे नाव ज्यांनी ऐकले नव्हते, अशा श्रोत्यांपर्यंत तो पोहोचला. श्रोत्यांनी तो रेडिओवरून कॅसेटवर उतरवून घेतला व त्याच्या नकला फिरत राहिल्या. अशा रीतीने फितींतून निर्माण झालेले संगीत प्रसारणमाध्यमात जाऊन पुन्हा फितींवर परतले.

यानंतरचा प्रवास वेगाने झाला. सीडी, संगणकावरील एमपी३ व आंतरजाल यांनी फितीची गरज संपविली. सोनीने २००५ साली डॅट यंत्रांचे उत्पादन थांबविल्याचे जाहीर केले. २००० साली केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषण नियम लागू केले व रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविण्यास निर्बंध आले. झोप आणि आरोग्य यांच्या दृष्टीने या निर्बंधांची आवश्यकता नाकारता येणार नाही. डिसेंबर २००७ मध्ये कांदोळी येथे 'सनबर्न' हा महोत्सव सुरू झाला, तर २००८ मध्ये नाशिक येथे 'सुलाफेस्ट'. किनाऱ्यावरील निनावी रात्रीची जागा नियोजित वेळापत्रक, प्रायोजक आणि प्रवेशपत्रिका यांनी घेतली.

दरम्यान, कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांची जागा मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्या दुकानांनी घेतली आणि स्वस्त आंतरजालामुळे तीही मागे पडली. 'भरून घेणे' हे क्रियापद तेवढे दोन्ही काळांत टिकले.

इतिहास कोणाचा ?

गोव्यातील या संगीताचा इतिहास आजवर मुख्यतः बाहेरून आलेल्यांच्या आठवणींतून लिहिला गेला आहे. अरुण सल्ढाणा यांच्या २००७ साली प्रकाशित झालेल्या 'सायकेडेलिक व्हाइट' या ग्रंथाने या चित्रातील मोठी उणीव दाखवून दिली. सर्वांसाठी खुल्या म्हणविणाऱ्या हणजूणच्या जलशांत वंशभेदाच्या अदृश्य रेषा होत्या; पहाटेच्या वेळी गोरे प्रवासी केंद्रस्थानी येत व भारतीय पर्यटकांना परके वाटावे अशी परिस्थिती असे, असे त्यांनी क्षेत्रीय अभ्यासाच्या आधारे मांडले. जमिनीवर चटया अंथरून रात्रभर चहा विकणाऱ्या स्थानिक स्त्रिया या जलशांचा अविभाज्य भाग होत्या. प्रत्येक रात्र त्यांनीही जागून ऐकली. परंतु फितींच्या देवाणघेवाणीत त्यांना स्थान नव्हते.

या टीकेमुळे देवाणघेवाणीचे मूल्य कमी होत नाही. तिच्या मर्यादा मात्र स्पष्ट होतात. ज्याच्याकडे देण्यासाठी फीत होती, म्हणजेच परदेशी ध्वनिमुद्रणे मिळविण्याची ऐपत होती, तोच या वर्तुळात प्रवेश करू शकत होता. भेटीवर चालणारी अर्थव्यवस्था बाजारापेक्षा आपोआप अधिक न्याय्य असते, असे गृहीत धरता येत नाही. याउलट शहरांतील कॅसेट भरून देणारा दुकानदार पैसे घेत असे, परंतु यादी घेऊन येणाऱ्या कोणालाही परत पाठवीत नसे. गोव्यातील फितींचा इतिहास काही प्रमाणात तरी लिहिला गेला आणि या दुकानांचा जवळजवळ लिहिला गेलाच नाही, याचे कारण संगीताच्या दर्जात नसून लिहिणारे कोण होते यात आहे.

निष्कर्ष :

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. कॅसेटने संगीतकार व श्रोता यांच्यामध्ये 'संकलक' ही तिसरी भूमिका निर्माण केली. तो गात नाही, वाजवीत नाही व रचनाही करीत नाही. परंतु निवड आणि क्रम यांतून नवा अर्थ घडवितो.

२. गोवा ट्रान्स या संगीतप्रकाराची घडण फितींच्या हंगामी देवाणघेवाणीतून आणि कॅसेट व डॅट यांच्या तांत्रिक मर्यादांतून झाली. एकट्यादुकट्या प्रतिभावंताच्या कथेने तिचा उलगडा होत नाही.

३. संगीताचा प्रसार व संगीताचे जतन या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. अहमदाबाद, मुंबई व हणजूण यांची तुलना केली असता एकीच्या यशाने दुसरीची हमी मिळत नाही, हे दिसून येते.

४. संकलित ध्वनिफीत हे सामाजिक इतिहासाचे प्राथमिक साधन आहे. तिच्या वेष्टनावरील हस्ताक्षर, गाण्यांचा क्रम, मध्येच राहून गेलेला रेडिओवरील निवेदकाचा आवाज, या सर्वांना पुराव्याचे मूल्य आहे.

यांपैकी चौथ्या निष्कर्षाला तातडीची बाजू आहे. चुंबकीय फितीवरील लेप कालांतराने झिजतो व ती वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ होत जातात. युनेस्कोने आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेच्या सहकार्याने २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी जी मोहीम हाती घेतली, तिच्यात २०२५ च्या सुमारास अशा फितींतील ध्वनी परत मिळविणे अनेक ठिकाणी अशक्यप्राय होईल, असा इशारा देण्यात आला होता. ती मुदत आता उलटली आहे. शास्त्रीय व लोकसंगीताच्या जतनासाठी देशात काही संस्था कार्यरत आहेत. घरगुती संकलित फितींना मात्र अद्याप संग्राह्य वस्तूचा दर्जा मिळालेला नाही. त्या माळ्यावर, लोखंडी पेटीत किंवा दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढलेल्या खोक्यात आहेत.

अशा वेळी महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना करता येण्याजोगे काम मोठे आहे आणि त्यास फारसा खर्चही नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील व परिसरातील भरून घेतलेल्या कॅसेटची सूची करावी, भरणाऱ्याकडून ती कोणासाठी व कोणत्या प्रसंगी भरली हे विचारून टिपून घ्यावे, दुकानदारांच्या मुलाखती घ्याव्यात आणि शक्य तेथे ध्वनीचे अंकीय रूपांतर करावे. गंगापूर रोडच्या जुन्या बंगल्यांतून, त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या सदनिकांतून आणि वसतिगृहांच्या अडगळीतून अशी सामग्री अजूनही मिळू शकेल. ज्यांनी त्या कॅसेट भरल्या, ती पिढी आज पन्नाशी-साठीच्या घरात आहे. वेष्टनावरील यादी वाचता येईल, परंतु ती यादी त्याच क्रमाने का लावली, हे सांगणारा माणूस फितीबरोबर जतन करता येत नाही. त्याच्याकडे वेळेत जावे लागते.